एनपीएम इन्स्टॉलच होत नाहीये, --लेगसी-पीअर-डेप्स लावून पुढे जाऊ का?

आठ_पाचची_लोकल | शनिवार, रात्री १०:५२

मंडळी, तातडीची मदत हवी आहे.

अंधेरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत आहे, एकूण डोकी नऊ. गिरगावातल्या एका लग्नाच्या हॉलचं बुकिंग ॲप आमच्याकडे आहे. रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत लिहिलेलं, २०२१ मध्ये क्रिएट रिॲक्ट ॲप वापरून सुरू केलेलं. ज्याने बनवलं तो मुलगा दिवाळीत सोडून गेला. हँडओव्हर म्हणून एकच वाक्य: 'सगळं गिटवर आहे.' (म्हणजे कोड आणि त्यातल्या बदलांची नोंद ठेवतो तिथे.)

मला काल नवीन मॅकबुक मिळालं, एम-३ चिपचं. त्यावर नोड २२ (जावास्क्रिप्ट चालवणारं) टाकलं, गिटवरून रेपो उतरवला, लागणारी पॅकेजं उतरवायला एनपीएम इन्स्टॉल मारलं आणि स्क्रीनभर लाल अक्षरं. वर 'ई-रिझॉल्व्ह', खाली 'अनेबल टू रिझॉल्व्ह डिपेन्डन्सी ट्री'. नेहमीप्रमाणे नोड_मॉड्यूल्स आणि पॅकेज-लॉक दोन्ही उडवून पुन्हा मारलं. तेच. मग --फोर्स लावलं, तर स्टाईलच्या फाईली सीएसएसमध्ये बदलणारं नोड-सॅस पायथन मागायला लागलं. हॉलच्या बुकिंगला पायथन कशाला?

त्या एररमध्येच लिहिलंय की --लेगसी-पीअर-डेप्स लावून बघा. लावू का? सोमवारी ११ वाजता हॉलवाल्यांना डेमो आहे. उद्या मध्य रेल्वेला मेगाब्लॉक, म्हणजे जे काही होईल ते बदलापुरातून, घरूनच.

---

अर्धा_कटिंग | शनिवार, रात्री ११:०४

पहिला उपाय: लॅपटॉप बंद करून चालू करा. दुसरा उपाय: राजीनामा. हँडओव्हरमध्ये लिहा, 'सगळं गिटवर आहे.'

---

जुनी_विहीर | शनिवार, रात्री ११:३१

लोकल, आधी एक काम करा. पॅकेज-लॉक गिटमधून परत आणा. आत्ता. वाचत बसू नका.

आणलं? आता सांगते. तुम्ही 'नेहमीप्रमाणे' असं लिहिलंय ना, तिथेच गोची आहे. नोड_मॉड्यूल्स उडवायला हरकत नाही, ते पुन्हा उतरवता येतं. लॉक फाईल म्हणजे पण कचरा नव्हे. हे ॲप शेवटचं चाललं त्या दिवशी नेमकी कुठली व्हर्जनं होती, याची ती एकमेव नोंद आहे. पॅकेज.जेसनमध्ये तुम्ही पन्नास नावं लिहिता, प्रत्यक्षात हजार-बाराशे पॅकेजं उतरतात. त्या हजारांची व्हर्जनं फक्त लॉकमध्ये असतात. ती उडवलीत की कॅरेटवाल्या (^, म्हणजे 'त्याच मेजर व्हर्जनमधलं नवं चालेल') प्रत्येक पॅकेजला आज जे नवीन असेल ते येणार. म्हणजे एक भांडण सोडवायला गेलात आणि चाळीस पाहुणे घरात घेतलेत.

दुसरं, एररचा शेवट वाचू नका, मधला भाग वाचा. 'फाउंड' म्हणून एक ओळ असते आणि 'पीअर' म्हणून एक. तुमच्याकडे काय आहे आणि कोणाला काय हवंय, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. त्या दोन ओळी इथे टाका. त्याशिवाय फ्लॅग लावू की नको याचं उत्तर देणं म्हणजे पेशंट न बघता गोळी देणं.

---

गवती_चहा | शनिवार, रात्री ११:४०

मी वाशीला शेवटच्या वर्षाला आहे. बाळबोध प्रश्न विचारते, हसू नका. पीअर डिपेन्डन्सी आणि साधी डिपेन्डन्सी यात फरक काय? यूट्यूबवर तीन व्हिडिओ बघितले, तिन्हीत 'फ्लॅग लावा, लाईक करा' एवढंच.

---

मुलुंडचे_काका | रविवार, रात्री १२:१५

हसणार नाही, पोरी. सोसायटीच्या गणपतीला डेकोरेटर बोलावतो ना आपण? तो बांबू, कापड, झुंबर स्वतःचं आणतो. ती त्याची साधी डिपेन्डन्सी, येताना टेम्पोत घेऊन येतो. पण तो आधीच बजावतो, 'थ्री फेज कनेक्शन तुमचं पाहिजे.' वीज तो आणत नाही, कारण ती सगळ्या मंडपाला एकच लागते. ती पीअर.

बटणांचं पॅकेज स्वतःचं रिॲक्ट घेऊन आलं आणि ॲपचं रिॲक्ट वेगळं असलं, तर एका पानावर दोन रिॲक्ट होतात आणि 'इनव्हॅलिड हुक कॉल' म्हणून बोंब होते. म्हणून ते म्हणतं, रिॲक्ट तुमचं, पण १६.८ च्या पुढचं किंवा १७ द्या. तुमच्याकडे १८ असेल तर भांडण.

पूर्वी एनपीएम हे भांडण पिवळ्या अक्षरात कुजबुजायचं आणि पुढे जायचं. ऑक्टोबर २०२० मध्ये सातवं व्हर्जन आलं, तेव्हापासून ते पीअर स्वतः बसवायला जातं आणि जमलं नाही की अडून बसतं. लेगसी-पीअर-डेप्स म्हणजे 'जुन्यासारखं वाग, कुजबूजसुद्धा नको.'

---

गवती_चहा | रविवार, रात्री १२:१९

काका 🙏 आता आयुष्यात विसरणार नाही.

---

आठ_पाचची_लोकल | रविवार, सकाळी ९:०२

लॉक परत आणली. ताई, या त्या दोन ओळी:

फाउंड: रिॲक्ट १८.२.०
पीअर रिॲक्ट १६.८ किंवा १७, मागणारा: मटेरियल-यूआय कोअर ४.१२.४ (आमचं बटणं-फॉर्मचं पॅकेज)

म्हणजे काकांनी रात्री झोपेत माझा रेपो बघितला की काय? आकडेसुद्धा तेच.

पण मग एक कळत नाही. जुन्या मुलाच्या लॅपटॉपवर हेच सगळं चालत होतं. त्याने रिॲक्ट १८ टाकलं कसं?

---

ठाणे_खाडी | रविवार, सकाळी ९:२०

त्याच्याकडे नोड १४ असणार. त्याबरोबर एनपीएम ६ येतं आणि ते पीअरवरून अडवत नाही. शंभर टक्के.

---

जुनी_विहीर | रविवार, सकाळी ९:४१

शंभर नाही, साठ टक्के. लॉक फाईल उघडा, वरच 'लॉकफाईल-व्हर्जन' आहे. १ असेल तर खाडीचं बरोबर, कारण एनपीएम ६ तेच लिहितं. २ किंवा ३ असेल तर त्याच्याकडे एनपीएम ७ किंवा पुढचं होतं आणि मग त्याच्या घरच्या फोल्डरात एनपीएमआरसी नावाची लपलेली सेटिंगची फाईल असणार. त्यात 'लेगसी-पीअर-डेप्स = ट्रू'. एकदा कधीतरी लावलं, विसरून गेला, आणि ती फाईल काही गिटवर जात नाही.

---

आठ_पाचची_लोकल | रविवार, सकाळी १०:१३

लॉकफाईल-व्हर्जन २. त्याला फोन केला. आधी म्हणाला 'मी असलं काही केलेलं नाही'. मग पाच मिनिटांनी व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट आला. एनपीएमआरसी, एकच ओळ. खाली दात काढलेली इमोजी.

'सगळं गिटवर आहे.' 😐

---

अर्धा_कटिंग | रविवार, सकाळी १०:१५

सगळं गिटवर होतं, अक्कल घरच्या फोल्डरात होती.

---

सुपारी_कातर | रविवार, सकाळी १०:५०

दोन वर्षांनी हाच धागा परत निघणार आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. मुळावर घाव घाला. क्रिएट रिॲक्ट ॲप रिॲक्टच्याच टीमने फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे निवृत्त केलं. मटेरियल-यूआय ४ च्या जागी पाचवं २०२१ सालीच आलंय, नावसुद्धा बदलून एमयूआय झालंय. नोड-सॅस तर कधीच बाद. मढ्याला पावडर लावून काय होणार? वीट या नव्या बिल्ड टूलवर न्या, एमयूआय घ्या, सॅस बदला. मी स्वतः असं एक ॲप दोन दिवसांत हलवलंय.

---

जुनी_विहीर | रविवार, सकाळी ११:०५

सोमवारी ११ ला डेमो आहे, कातर. आज रविवार.

---

सुपारी_कातर | रविवार, सकाळी ११:०८

मी 'आज' म्हटलं का कुठे?

---

ठाणे_खाडी | रविवार, सकाळी ११:३०

'दोन दिवसांत' ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. आमचं ॲप अँगुलर (रिॲक्टसारखंच फ्रेमवर्क) १२ वरून १५ वर न्यायचं होतं. मॅनेजरने 'दोन दिवस' ऐकून क्लायंटला 'उद्या' सांगितलं. एक पायरी सोडून उडी मारली तर अँगुलरचा अपडेट कमांडच अडवतो, म्हणून १२ ते १३, १३ ते १४, असं चढत गेलो. तेराव्यावर समजलं की चार्टचं एक पॅकेज जुन्या व्ह्यू इंजिनवर बांधलेलं आहे आणि ते व्ह्यू इंजिन तेराव्यातच काढून टाकलंय. त्या पॅकेजचा कर्ताधर्ता २०१९ पासून गायब. शेवटी तो चार्ट मी हाताने लिहिला. आणि पंधराव्याला पोचलो तेव्हा एका उत्साही सहकाऱ्याने टाईपस्क्रिप्ट ५ टाकलं, 'लेटेस्ट आहे ना'. अँगुलर १५ ला ४.८ किंवा ४.९ च चालतं. परत लाल.

अकरा दिवस लागले. मला आजही कळव्याच्या पुलावर गाडी थांबली की ते पॅकेज आठवतं.

---

मुलुंडचे_काका | रविवार, दुपारी १२:१०

अवांतर आहे, पण रविवार आहे म्हणून लिहितो.

आपल्या लोकल पूर्वी १५०० व्होल्ट डीसीवर धावायच्या. ते २५ हजार व्होल्ट एसीवर न्यायचं ठरलं. आता रोज लाखो माणसं चढतात-उतरतात, महिनाभर गाड्या बंद ठेवून तारा बदलता येतात का? मग दोन्हीवर चालणाऱ्या गाड्या आणल्या. एका टप्प्यात डीसी, पुढच्या टप्प्यात एसी, गाडी तीच. पश्चिम रेल्वेचं काम २०१२ ला संपलं, मध्यचा मुख्य मार्ग २०१५ ला, हार्बर २०१६ ला. तोपर्यंत त्या दुहेरी गाड्यांनी मुंबई ओढली. आम्हा प्रवाशांना फक्त पंखा आणि दिवे क्षणभर गेल्यावर कळायचं की पट्टा बदलला.

जावास्क्रिप्टमध्ये आज हेच चाललंय. पॅकेज आत घ्यायच्या दोन पद्धती, जुनं रिक्वायर आणि नवीन इम्पोर्ट. काही पॅकेजं दुहेरी गाड्या आहेत, दोन्हीवर चालतात. चॉक ५ किंवा नोड-फेच ३ सारखी काही एके दिवशी नुसती एसी झाली. मग तुमची डीसीवाली बिल्ड फाईल त्यांना रिक्वायर करायला जाते आणि मध्येच ठप्प.

---

ठाणे_खाडी | रविवार, दुपारी १२:२२

काका, नोड २२.१२ पासून रिक्वायरनेही ईएसएम (नुसतं इम्पोर्टवालं) पॅकेज घेता येतं, फ्लॅगशिवाय. म्हणजे स्टेशनवरच कन्व्हर्टर बसवला म्हणा.

---

कोल्हापुरी_ठेचा | रविवार, दुपारी १२:३०

मुंबईकरांना काहीही विचारा, उत्तर लोकलवरच येऊन थांबतं. आमच्याकडे एसटी थेट जाते, मधे व्होल्टेज बदलत नाही.

---

अर्धा_कटिंग | रविवार, दुपारी १२:३१

एसटीची पीअर डिपेन्डन्सी रस्ता आहे, ती सापडली का?

---

आठ_पाचची_लोकल | रविवार, दुपारी १:४५

मंडळी, गाडी बदलापूर प्लॅटफॉर्मवरच उभी आहे 😅 पीअरचं कळलं, पण नोड-सॅसचं काय? खाडींनी सांगितलं म्हणून नोड १४ टाकायला गेलो. एनव्हीएमने (नोडची व्हर्जनं बदलायचं टूल) 'डाउनलोड मिळालं नाही, सोर्सवरून कंपाइल करतो' म्हणून सुरुवात केली. वीस मिनिटं पंखा गरगरला, मग फुटलं.

---

जुनी_विहीर | रविवार, दुपारी २:३०

त्या चिपवर नोड १४ मिळणार नाही. ॲपल सिलिकॉनसाठी तयार नोड १६ पासूनच आहे. रोझेटा (इंटेलचे प्रोग्राम चालवणारं ॲपलचं टूल) लावून १४ चालवता येतं, पण कशाला?

नोड-सॅस आतून सी-प्लस-प्लस आहे. प्रत्येक नोड व्हर्जनला त्याची वेगळी तयार बायनरी लागते. ४.१४ ला नोड १४ च्या पुढची बायनरीच नाही, म्हणून ते तुमच्या मशीनवर स्वतः कंपाइल करायला बसतं, आणि त्यासाठी जे जुनं हत्यार वापरतं त्याला पायथन लागतं. तेही २. पायथन टाकून ते जिंकता येईल या भ्रमात राहू नका, मी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दोन रात्री घातल्यात.

आजचा बेत, माझ्या मते:

नोड १६ घ्या. तुमचं रिॲक्ट-स्क्रिप्ट्स (क्रिएट रिॲक्ट ॲपचं बिल्डचं पॅकेज) ४ असणार, त्यात फाईली एकत्र बांधणारं वेबपॅक ४ आहे, आणि ते नोड १७ पासून पुढे एका वेगळ्याच कारणाने रडतं. ते संध्याकाळी बोलू, वेळ आलीच तर. नोड-सॅस काढा, नुसतं 'सॅस' टाका. ते शुद्ध जावास्क्रिप्टमध्ये येतं, कंपाइलची भानगड नाही. भागाकाराबद्दल पिवळ्या सूचना देईल, आज त्यांच्याकडे काणाडोळा करा.

आणि मटेरियल-यूआयसाठी ओव्हरराइड्स वापरा. पॅकेज.जेसनमध्ये 'ओव्हरराइड्स' खाली मटेरियल-यूआय कोअरचं नाव, त्यात 'रिॲक्ट' समोर डॉलर चिन्ह लावून रिॲक्ट. अर्थ असा की या एका पॅकेजने मुकाट्याने ॲपचं रिॲक्ट घ्यावं. रिॲक्ट-डॉमलाही तसंच. आयकॉन्सचं पॅकेज असेल तर त्यालाही. एनपीएम ८.३ पासून चालतं, नोड १६ च्या शेवटच्या व्हर्जनबरोबर ते आहेच.

---

सुपारी_कातर | रविवार, दुपारी २:४१

नोड १६ चं आयुष्य सप्टेंबर २०२३ मध्ये संपलं. सुरक्षेचे पॅच नाहीत. आणि तुम्ही लोकांना ते टाकायला सांगताय.

---

जुनी_विहीर | रविवार, दुपारी २:५५

मुद्दा रास्त आहे. पण इथे नोड फक्त बिल्ड करतंय. सर्व्हरवर एचटीएमएल आणि जेएसच्या तयार फाईल्स जाणार, नोड तिथे चालत नाहीये. बिल्ड मशीनलाही धोका असतो, नाही म्हणत नाही. पण तो धोका महिनाभर पत्करता येतो. डेमो एक दिवसही पुढे जात नाही.

---

आठ_पाचची_लोकल | रविवार, संध्याकाळी ५:२०

चाललं!!!

नोड १६, सॅस, ओव्हरराइड्स. इन्स्टॉल स्वच्छ, एकही फ्लॅग नाही. ॲप उघडलं, हॉलचा तोरणवाला फोटो दिसला, आईला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, 'झालं का मग जेवायला?' सकाळपासून जेवलोच नव्हतो.

जाता जाता हॉलवाल्यांचं एक मागणंही उरकलं. त्यांना साखरपुडा ते लग्न अशी सलग तारखांची पट्टी निवडता यायला हवी होती. कॅलेंडरच्या पॅकेजच्या नव्या मायनर व्हर्जनमध्ये ते आहे. एनपीएम अपडेट मारलं, ४.२ चं ४.८ झालं, मस्त चालतंय. आता सर्व्हरवर टाकतो.

---

अर्धा_कटिंग | रविवार, संध्याकाळी ५:२१

रविवारी संध्याकाळी डिप्लॉय. देव तुमचं भलं करो.

---

आठ_पाचची_लोकल | रविवार, संध्याकाळी ६:०४

'डिजिटल एन्व्हलप रूटीन्स, अनसपोर्टेड.' लिफाफा कुठून आला आता?

---

ठाणे_खाडी | रविवार, संध्याकाळी ६:१०

हे मला पाठ आहे! नोड-ऑप्शन्समध्ये ओपनएसएसएल-लेगसी-प्रोव्हायडर लावा. दोन सेकंदांचं काम.

---

जुनी_विहीर | रविवार, संध्याकाळी ६:२६

खाडी, तो उपाय चालतो, पण इथे नको. दुपारी म्हटलं होतं ते 'वेगळं कारण' हेच. वेबपॅक ४ फाईलींचे हॅश काढायला एमडी-४ वापरतं. ऑक्टोबर २०२१ ला नोड १७ आलं, त्यात ओपनएसएसएल ३ आहे आणि त्याने एमडी-४ अडगळीत टाकलंय. म्हणजे हा एरर तुम्हाला एवढंच सांगतोय की सर्व्हरवर नोड १६ नाही, काहीतरी नवीन आहे. लेगसी प्रोव्हायडर लावलंत तर तो एरर जाईल, पण घरी एक नोड आणि तिथे दुसरं हे तसंच राहील.

रेपोच्या मुळाशी एनव्हीएमआरसी फाईल करा, त्यात १६ लिहा. बहुतेक होस्टिंगवाले ती वाचतात. शिवाय पॅकेज.जेसनच्या 'इंजिन्स'मध्येही लिहा.

---

आठ_पाचची_लोकल | रविवार, रात्री ७:५०

बिल्ड हिरवं झालं. पण...

सर्व्हरवर तारखांची पट्टी निवडताच येत नाही. पहिली तारीख घेतो, दुसरी दाबली की पहिली जाते. एरर नाही, काही नाही. माझ्या मशीनवर व्यवस्थित. तोच कोड, तोच नोड. कॅश साफ केली, मोबाईलवर बघितलं, बहिणीच्या मोबाईलवर बघितलं.

---

कोल्हापुरी_ठेचा | रविवार, रात्री ८:०२

फाईलच्या नावात कॅपिटल-स्मॉलचा घोळ? मॅकला 'कॅलेंडर' मोठ्या सी ने लिहा की छोट्या, फरक पडत नाही. सर्व्हरवर लिनक्स असतं, त्याला पडतो. आम्ही एकदा अख्खी रात्र हेडरच्या एच मध्ये घालवली होती.

---

ठाणे_खाडी | रविवार, रात्री ८:०९

तसं असतं तर बिल्डच फुटलं असतं, ठेचा. हे हिरवं झालंय.

---

कोल्हापुरी_ठेचा | रविवार, रात्री ८:१०

हे बरोबर. शब्द मागे.

---

मुलुंडचे_काका | रविवार, रात्री ८:२५

लोकल, बिल्डचा लॉग टाका. पण सगळे टाकतात तशा शेवटच्या वीस ओळी नकोत, पहिल्या वीस टाका. चाळीस वर्षं हेच करतोय. मेनफ्रेमपासून आजपर्यंत, शेवटी काय झालं ते सगळे वाचतात, सुरुवात कशी झाली ते कोणी वाचत नाही.

---

आठ_पाचची_लोकल | रविवार, रात्री ८:४४

टाकत होतो, टाकता टाकता तिसऱ्या ओळीवर थांबलो.

'रनिंग यार्न इन्स्टॉल.'

यार्न म्हणजे एनपीएमसारखंच दुसरं टूल, मी ते वापरतच नाही. कोणीच वापरत नाही. मग रेपो बघितला. मुळाशी पॅकेज-लॉक आहे आणि त्याच्या खाली, इतके दिवस डोळ्यांसमोर, यार्न-लॉक. शेवटचा बदल: २०२२.

---

जुनी_विहीर | रविवार, रात्री ८:५८

सापडला चोर.

होस्टिंगला यार्न-लॉक दिसली की ते समजतं हा यार्नचा प्रकल्प. त्या फाईलमध्ये कॅलेंडर ४.२ वर बांधलेलं आहे. आता तुम्ही म्हणाल, मी तर अपडेट केलं. एनपीएम सातच्या पुढे 'अपडेट' मारलं की पॅकेज-लॉक बदलते, पॅकेज.जेसन बदलत नाही, सेव्ह सांगितल्याशिवाय. बघा, तुमच्या पॅकेज.जेसनमध्ये अजून कॅरेट ४.२ असणार. यार्नने विचार केला, कॅरेट ४.२ हवंय, माझ्या वहीत ४.२ आहे, नियमात बसतंय, घ्या. त्याचं काहीच चुकलं नाही. दोन वह्या ठेवल्या, दुकानदार जुनी वही बघून हिशोब सांगतोय.

आणि ओव्हरराइड्सही तिथे लागू नव्हते. जुनं यार्न ते वाचतच नाही, त्याचं 'रिझोल्यूशन्स' वेगळं असतं. पीअरवरून ते नुसती सूचना देतं, म्हणून बिल्ड हिरवं.

यार्न-लॉक काढा. कमिट, पुश. लॉगची तिसरी ओळ 'एनपीएम' म्हणाली पाहिजे, ते बघितल्याशिवाय झोपू नका.

---

अर्धा_कटिंग | रविवार, रात्री ९:००

दादरसारखं झालं. मध्य रेल्वेच्या एक नंबरचा आठ झाला, आमचे बाबा अजून 'एकवर भेट' सांगतात आणि पश्चिमेच्या एकवर लोक वाट बघत उभे.

---

गवती_चहा | रविवार, रात्री ९:१२

वाचनखूण साठवली. आमच्या प्रोजेक्टमध्ये आत्ताच बघितलं. पॅकेज-लॉक, यार्न-लॉक आणि पीएनपीएमची लॉक, तिन्ही आहेत. आम्ही चौघं आहोत. 🙈

---

आठ_पाचची_लोकल | सोमवार, दुपारी ३:३५

डेमो झाला. रात्री साडेनऊला तिसरी ओळ 'एनपीएम' म्हणाली, पट्टी चालली, झोपलो.

हॉलवाले काका आणि त्यांची सून आली होती. सुनेने साखरपुडा ते लग्न निवडून बघितलं, मान डोलावली. काकांनी चष्मा वर करून पूर्ण कॅलेंडर बघितलं आणि विचारलं, 'यात मुहूर्त कुठे दिसतात?' ते आमच्या यादीतच नव्हतं. पुढच्या महिन्याचं काम ठरलं.

सर्वांचे, विशेषतः विहीरताई आणि काकांचे आभार. माझा मूळ प्रश्न मात्र राहिला. लेगसी-पीअर-डेप्स लावावं की नाही?

---

ठाणे_खाडी | सोमवार, दुपारी ३:५०

मी लावते. रोज संध्याकाळी ६:१२ ची गाडी पकडायची असते.

---

सुपारी_कातर | सोमवार, दुपारी ४:०५

अजिबात नाही. हे इंजिनचा दिवा लाल झाल्यावर त्यावर चिकटपट्टी लावण्यासारखं आहे.

---

जुनी_विहीर | सोमवार, दुपारी ४:३०

मी कधीकधी लावते, पण हातात नाही आणि घरच्या फोल्डरातही नाही. प्रकल्पाच्या एनपीएमआरसीमध्ये लिहायचं, गिटवर टाकायचं, वर एक ओळ टिप्पणी: कुठलं पॅकेज, कुठल्या व्हर्जनसाठी, कधी काढायचं. एकाच पॅकेजचं भांडण असेल तर ओव्हरराइड्स बरे, कारण फ्लॅग सगळ्यांचीच तोंडं बंद करतो. उद्या दुसऱ्या कुणाचं खरोखर दुखत असेल तरी ऐकू येणार नाही. आणि सर्व्हरवर 'इन्स्टॉल' नाही, 'एनपीएम सीआय'. लॉक आणि पॅकेज.जेसन जुळत नसतील तर ते तिथल्या तिथे थांबतं.

कातरचं वीटवर जायचं म्हणणं मला पटतं, फक्त मुहूर्त चुकला होता. लोकल, मुहूर्ताचं काम सुरू करण्याआधी ते करा. हॉलवाल्यांना दोन आठवडे सांगा.

---

सुपारी_कातर | सोमवार, दुपारी ४:३८

स्क्रीनशॉट काढून ठेवला. विहीर सहमत झाली.

---

मुलुंडचे_काका | सोमवार, संध्याकाळी ५:१५

लोकल, ती यार्न-लॉक काढली त्या कमिटचा मेसेज काय लिहिलात? दोन वर्षांनी कोणीतरी शोधेल.

---

आठ_पाचची_लोकल | सोमवार, संध्याकाळी ५:४०

'फिक्स.'

---

अर्धा_कटिंग | सोमवार, संध्याकाळी ५:४१

सगळं गिटवर आहे.